काट्यातला लाल थेंब

४ मार्च

प्रिय ठोंब्या,

मी फसले आहे. हे वाक्य सावकाश वाचून घे, कारण माझ्याकडून ते तुला पुन्हा मिळायचं नाही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. मी लांबून येताना दिसले की दुकानदार पारडी पुसायला घ्यायचे. आणि निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आत एका वजनकाट्याने मला बनवलं.

झालं असं. माझा स्वयंपाकघरातला काटा, तोच, मामांनी दिलेला, तळातून गंजून गेला. नवा घ्यायचा तर इथेच बनलेला घ्यायचा, असं ठरवलं. तुझ्याकडूनच मागवला असता, पण "आता सगळा घाऊक माल जातो, सुटा विकत नाही," असं तू गेल्या वर्षी फोनवर सांगितलंस. म्हणून टॅबलेट उघडून ऑनलाइन दुकानात बसले. बसले म्हणजे साडेतीन तास. "देशी बनावटीचा काटा" असं लिहून शोधलं, तर चारशे वस्तू आल्या. त्यांत एक पायपुसणंही होतं.

शेवटी एक पसंत पडला. गोल तबकडी, वर पत्र्याचं ताट, आत स्प्रिंग, बॅटरीची भानगड नाही. तळाला हिरवं लेबल: "शंभर टक्के आपल्या मातीतला. पिढीजात कारागिरांनी हाताने घडवलेला." माती आणि वजनकाटा यांचा संबंध काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

काटा आला. खोक्याच्या तळाशी एक घडीचा कागद, अक्षरं परक्या लिपीतली, आणि ताटाखाली बोट चेपून घेतलेल्या एका माणसाचं चित्र. मी किटली चढवली, लेबल वाफेवर धरलं आणि सोललं. खाली पत्र्यावर काहीतरी कोरलेलं होतं, ते कानशीने घासून काढलंय. घासणाऱ्याला मध्येच कंटाळा आला असावा. शेवटची दोन अक्षरं राहिलीत. ती आपली नाहीत.

आता तुझं काम. माझ्या जुन्या कार्यालयाकडे तक्रार करते आहे. अर्ज अर्धा भरलाय. सोबत जाणत्या कारखानदाराचं प्रमाणपत्र जोडायचंय, की हा काटा इथे बनलेला नाही. या गावाहून त्या गावापर्यंत मला माहीत असलेला खरा काटेवाला एकच, तो तू. अशा लबाडांमुळेच तुझ्यासारख्यांच्या पोटावर पाय येतो. तेव्हा लगेच लिही.

फोन करू नकोस. फोनवर तू सफाईने खोटं बोलतोस. कागदावर तुला ते जमत नाही, अक्षर मुंगीएवढं होतं. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, रागात पत्र लिहायचं तर शाईच्या पेनाने लिहावं, पेन भरेपर्यंत राग निवतो. दोनदा भरलं. निवला नाही.

तुझी ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

पत्र मिळालं. मनगट दुखतंय म्हणून चिमीच्या कॉम्प्युटरवर टाइप करतो आहे. बापाला टाइप करताना बघून मुलीची करमणूक चाललीय.

इकडे सगळं छान. कारखाना जोरात आहे. स्प्रिंगचं मशीन सकाळपासून खडखडतंय. स्प्रिंगवाले काका होते तसेच आहेत, अजून प्रत्येक स्प्रिंग कानाला लावून पारखतात.

तुझ्या काट्याविषयी. मला विचारशील तर सोडून दे. परत पाठव, ते निमूट परत घेतात. माझ्या प्रमाणपत्राला कोण विचारतो? आणि या वयात तू कशाला कार्यालयाच्या पायऱ्या चढतेस? मुख्य म्हणजे तो काटा वजन बरोबर दाखवतो का? दाखवत असेल तर झालं. काट्याचं काम वजन सांगणं. त्याचा जन्म कुठला हे विचारून तू काय त्याची सोयरीक जुळवणार आहेस?

आणखी एक. तो उघडू मात्र नकोस. स्प्रिंग सुटली तर थेट डोळ्यात जाते.

तुझा ठोंब्या


१९ मार्च

प्रिय ठोंब्या,

तुझ्या मनगटाला आराम पडो. पाकिटावरचा पत्ता मात्र तू हाताने लिहिला आहेस. मुंगीच्या अक्षरात. पत्त्यात कुणी खोटं बोलतं का रे?

तुझ्या सांगण्यावरून काट्याची परीक्षा घेतली. निरोप समारंभात खात्याने मला पितळी वजनांची पेटी दिली होती. शालीपेक्षा ती बरी, असं मीच सांगून ठेवलं होतं. पाच ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत सगळी वजनं ठेवून पाहिली. सुई जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. मला इतका राग आला म्हणून सांगू! लबाड माणसाने निदान वजनात तरी लबाडी करावी, म्हणजे आपलं काम सोपं होतं.

म्हणून आणखी एक मागवला. तोही बिनचूक. मग शेजारणीचा आणला. अगदी तोच साचा, तोच पत्रा, फक्त हिरवं लेबल नाही. बाहेरचा म्हणून उघड विकलेला. तो चौदा ग्रॅमने खोटा. तिचे केक का बसतात ते आज कळलं. तिला सांगितलं नाही. इतके दिवस तिने दोष माझ्या कृतीला दिला, आता बसू देत आणखी थोडे.

आता खरी गोष्ट ऐक आणि टेबलाला धरून बस. त्या दुकानाच्या पानावर खाली बारीक अक्षरांत "आमची कहाणी" असते. हल्ली प्रत्येक काट्याला एक कहाणी असते आणि प्रत्येक कहाणीत एक आजोबा. मी सहसा वाचत नाही. काल वाचली. त्यात पत्र्याची शेड आहे, उत्तरेकडच्या तीन खिडक्या आहेत, मधल्या खिडकीखाली तपासणीचं टेबल आहे, आणि आजोबा स्प्रिंगला टिचकी मारून आवाजावरून सांगतात, की ही दोन किलोची नाही, पावणेदोनची आहे.

ठोंब्या, हे तर मामा! या चोरांनी तुझा बाप चोरला!

तू कसा अजून गप्प? एकदा एका माणसाने तुझ्या पंपातली हवा वापरली म्हणून तू त्याच्याशी वर्षभर बोलला नव्हतास. ऊठ जरा. मी अर्ज पूर्ण करते आहे. रविवारी काटा उघडणार. डोळ्याला चष्मा आहे, स्प्रिंगची भीती मला घालू नकोस.

ताई


२४ मार्च

प्रिय ताई,

हाताने लिहितो आहे, बघ.

अर्ज पाठवू नकोस. मी मागतो आहे असं समज. धंदा लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. लेबल चुकीचं असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या लेबलावर सात घरं चालतात. तुझा एक कागद गेला की ती बसतात. तू आयुष्यभर इतक्यांना धरलंस, एकाला सोड.

बाबांच्या कहाणीचं म्हणशील तर शेड आणि खिडक्या कुठेही असतात.

आणि काटा उघडला नसशील तर नको उघडू.

ठोंब्या


२९ मार्च

ठोंब्या,

"प्रिय" आज मुद्दाम गाळलंय. शेवटाला आलं तर येईल.

तुझं पत्र वाचायला मला भिंग लागलं. इतकं बारीक अक्षर तू दहावीच्या प्रगतिपुस्तकावर मामांची सही केलीस त्यानंतर काढलं नव्हतंस.

रविवारी न्याहारी करून, टेबलावर जुनी चादर पसरून काटा उघडला. चार स्क्रू, मग तबकडी. तबकडीमागे सुई शून्यावर आणायचा बारीक स्क्रू असतो. मी असे हजारो बघितले आहेत. तो हलू नये म्हणून कुणी लाख लावतं, बरेचजण काहीच लावत नाहीत. याच्या डोक्यावर लाल थेंब होता. नेलपॉलिशचा.

मी भिंग आणून तो पुन्हा पाहिला. चहा गार झाला.

चिमी हे पत्र वाचत असणार, तेव्हा तिच्यासाठी लिहिते. मी चौदा वर्षांची होते, शाळेसाठी मामांकडे राहायचे. मामींच्या कपाटातली लाल नेलपॉलिशची बाटली चोरली, दहाही नखं रंगवली आणि ऐटीत शाळेत गेले. सिस्टरांनी सगळ्या वर्गासमोर रॉकेलच्या बोळ्याने नखं घासायला लावली. घरी येईपर्यंत मामांच्या कानावर गेलं होतं. ते रागावले नाहीत. बाटली कारखान्यात घेऊन गेले आणि "वाया कशाला घालवायची" म्हणून नीट केलेल्या काट्याच्या स्क्रूवर एक थेंब टाकला. तो इतका घट्ट बसला की तेव्हापासून प्रत्येक काट्यात तो पडत आला. जगात दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असा थेंब नाही, कारण असली भाची दुसऱ्या कुठल्या कारखानदाराला नव्हती.

दुसरा काटा उघडला. थेंब. शेजारणीचा उघडला, तिला न विचारता. थेंब नाही.

आणि सात घरं? दुकानाच्या पानावर "शेकडो कारागीर" लिहिलंय. सात हा आकडा तू कुठून आणलास? तुझ्या शेडमध्ये दाराजवळच्या फळीवर दुपारच्या जेवणाचे सात डबे असतात. मी दर खेपेला मोजते, सवयच आहे.

अर्ज पूर्ण भरला आहे. पाकिटात घातला आहे. पाकीट टेबलावर आहे, त्यावर पितळी वजन ठेवलंय, दोन किलोचं. काय ते मोठ्या अक्षरात लिही. भिंग मी शेजारणीला देऊन टाकलं आहे.

ताई


४ एप्रिल

ताई,

मोठ्या अक्षरात लिहितो.

तो काटा माझा आहे. म्हणजे माझा नाही, पण माझ्या शेडमधून गेला आहे.

स्प्रिंगवाले काका तीन वर्षांपूर्वी थांबले. हात थरथरायला लागले, तार सुटून त्यांच्याच गालाला लागली. मी मशीनवर कापड घातलं, ते अजून तसंच आहे. खडखडतंय असं तुला लिहिलं, ते खोटं. आधी फक्त स्प्रिंगा बाहेरून आणल्या. मग कळलं, की आख्खा काटा बाहेरून आणला तर माझ्या एका तबकडीपेक्षा स्वस्त पडतो. सात माणसं होती. मी आणला.

मग त्या ऑनलाइन दुकानाचा माणूस आला. म्हणाला, माल तुमच्या शेडमधून जातो, तुमच्या वडिलांची कहाणी आहे, हिरवं लेबल आम्ही छापून देतो. मी नको म्हणालो. पुढच्या आठवड्यात बरं म्हणालो. कहाणी चिमीने लिहिली. तिला वाटलं आजोबांविषयी लिहायला सांगताहेत. लेबल बघितल्यावर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

पत्र्यावरची अक्षरं घासायचं काम मी कुणाला दिलं नाही. ते मीच करतो. कंटाळा येत नाही, ताई. हात थांबतो.

पण पहिला खोका उघडला तेव्हा दहातले चार काटे खोटे निघाले. ते तसेच पुढे पाठवावेत, असं मला त्या माणसाने हसत सांगितलं. मला जमलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी मधल्या खिडकीखाली बसून एकेक उघडतो, वजन लावतो, शून्यावर आणतो, थेंब टाकतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला दिसत नाही. तू उघडला नसतास तर तुलाही दिसलं नसतं.

तुला का सांगितलं नाही ते लिहितो, म्हणजे संपलं. एकतीस वर्षांत तू माझ्या कारखान्याची फाईल एकदाही हातात घेतली नाहीस. नातेवाईक म्हणून दरवेळी शेजारच्या टेबलावर सरकवलीस. तुझे सहकारी आले, शिक्का मारून गेले. मला त्या शिक्क्याचं कधी काही वाटलं नाही. तुझ्या हातून एकदा पास व्हायचं होतं. आणि तू पहिल्यांदा माझा काटा तपासलास तो हा.

पाकीट टाकायचं तर टाक. मी पुन्हा मागणार नाही.

ठोंब्या


९ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

अक्षर वाचलं. इतकं मोठं काढायची गरज नव्हती, मी म्हातारी झाले आहे, आंधळी नाही.

आधी तपासणीचा निकाल. काटा: पास. दोन नमुने, सगळी वजनं, फरक शून्य. लेबल: नापास. प्रत्येक शब्द खोटा, "शंभर टक्के" तर दोनदा खोटं. कारागिरांनी घडवलेला म्हणे! सात जणांतला एकटा कारखानदार दुपारी जेवण सोडून स्क्रू फिरवतो, आणि लेबलावर नेमका त्याचाच पत्ता नाही.

पहिल्या चुकीला मी प्रत्येक दुकानदाराला दहा दिवसांची मुदत देत आले. तुलाही दहा. अकरावा मिळणार नाही, नातेवाईक म्हणून तर मुळीच नाही. दहा दिवसांत हिरवं लेबल उतरलं नाही, तर पाकीट जाईल. वजन त्यावरून मी स्वतः उचलेन आणि टपालपेटीत टाकायलाही मीच जाईन.

नवं लेबल मी लिहिलं आहे. तुझ्या भाषेवर माझा विश्वास नाही आणि चिमी फार सुंदर लिहिते, तेही कामाचं नाही. असं छाप:

"हा काटा परदेशात बनला. इथे उघडून, वजन लावून बरोबर केला. आत लाल थेंब आहे, तो आमचा."

आणि पत्र्यावरची अक्षरं घासायची नाहीत. तो जिथे जन्मला तिथला जन्मला. त्यात त्याची काय चूक?

आता फाईल. तुला वाटत आलं, की नियम म्हणून सरकवली. नियम होताच, पण नियमासाठी मी इतकी घाई करत नसे. तुझी फाईल टेबलावर आली की मी दुसऱ्या मिनिटाला उठायचे. कारण मला माहीत होतं, की न बघता पास करेन. पूर्ण नोकरीत असा मोह मला एकाच फाईलचा झाला. लेबल वाफेवर सोललं तेव्हा, मामांची कहाणी वाचली तेव्हा, कुठल्याही दुसऱ्या माणसाबाबतीत मी पाच मिनिटांत ओळखलं असतं. तुझ्याबाबतीत तीन पत्रं लागली. निरीक्षक म्हणून मीही नापासच.

चिमीला माझा आशीर्वाद. बापाशी चार दिवस बोलली नाही ते बरं केलंस. मी असते तर आठ.

तुझी ताई


२६ एप्रिल

प्रिय आत्या,

बाबा म्हणाले, तू लिही, माझं मनगट दुखतंय. या वेळी खरंच दुखतंय, कारण दोन दिवसांत त्यांनी नऊशे हिरवी लेबलं हाताने सोलली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुकानाच्या माणसाचा फोन आला. आमच्या फॉर्ममध्ये देशाचं नाव निवडायची चौकट आहे, कहाणी लिहायची नाही, म्हणाला. बाबा म्हणाले, मग परदेशाचं निवड आणि बाकीचं खाली लिही. तो म्हणाला, असं लेबल लावलंत तर घेणार कोण? बाबांनी विचारलं, "माझी बहीण ओळखता का?" तो नाही म्हणाला. "मग तुम्ही सुखी आहात," असं म्हणून बाबांनी फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, पहिल्या आठवड्यात मागणी निम्म्यावर आली. आमच्यातला एक जण अर्धा दिवस दुसरीकडे कामाला जातो. फळीवर डबे अजून सातच आहेत, पण दुपारनंतर सहा होतात. या आठवड्यात चार पत्रं आली, ग्राहकांची. तिघांनी काटा उघडून थेंब आहे का ते बघितलं. चौथ्याला पुन्हा बंद करता आला नाही, त्याने तो परत पाठवला.

आणि परवा पानावर एक अभिप्राय आला. नाव दिलेलं नाही, पण बाबांनी छापून मधल्या खिडकीला लावलाय. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, म्हणून उतरवून देते:

"वजन बरोबर. लेबल बरोबर. ताटाची कड जरा धारदार आहे, कानस तिथे वापरावी. चार तारे. पाचवा, स्प्रिंग इथे बनेल तेव्हा."

तुमची चिमी


१८ जून

प्रिय ताई,

मशीनवरचं कापड काढलं. आत उंदराने घर केलं होतं, त्याला आधी हलवलं. स्प्रिंगवाले काका रोज सकाळी येतात. खुर्चीत बसून नुसतं सांगतात, तार चिमी गुंडाळते. तिच्यावर ते इतके ओरडतात की मला माझं बालपण आठवतं. तीही उलट बोलते. ते तुझ्यावरून आलं असावं.

आमच्या दीडशे स्प्रिंगा भंगारात गेल्या. एकशेएक्कावन्नावी सोबत पाठवतो. काकांनी कानाला लावली, टिचकी मारली आणि भंगारात टाकली नाही. म्हणजे ठीक असावी. तुझ्या काट्यात बसवून बघ. थेंब चिमीच्या बाटलीतला आहे, लाल संपला होता म्हणून गुलाबी.

ठोंब्या


२३ जून

प्रिय ठोंब्या,

बसवली. पितळी वजनं लावून तीनदा पाहिलं. नऊ ग्रॅमने खोटी आहे.

नापास. पुन्हा कर. गुलाबी चालणार नाही, लाल बाटली पाठवते आहे. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, या वयात?" मी म्हटलं, कारखान्याला हवी आहे. तिचा विश्वास बसला नाही.

ते पाकीट काल चुलीत घातलं. वजन पेटीत परत ठेवलंय. पाचवा तारा राखून ठेवला आहे.

तुझी ताई